बुडाशी शिसं

एकतीस वर्षं मी वजनं उलटी करून पाहिली.
क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, माझगावच्या वखारी.
दुकानदार हसत चहा पुढे करायचा,
मी पाच किलोचं लोखंड आडवं पाडून
बुडाशी बघायचो : शिसं भरलंय का,
त्यावर यंदाचा ठसा आहे का.
वरून सगळीच वजनं खरी दिसतात.

माझं स्वतःचं एकशे चार.
इमारतीत सगळ्यांना पाठ.
लिफ्टमधला शाळकरी पोरगासुद्धा म्हणायचा,
आरोंदेकर आजोबा, तुम्ही दुसऱ्या फेरीला या.
बारशाला, पंगतीत, मयताला
कुणीतरी पोटाकडे बघून सांगायचंच,
सांभाळा हं, या वयात ॲटॅक नाहीतर लकवा.

शरयू चव्वेचाळीस.
तिला कुणी काही सांगितलं नाही.
"काडी आहे तुमची मिसेस," म्हणायचे,
आणि ती लाजत माझ्या ताटात
उकडलेला दुधी वाढायची.
मला बंद झालेला खरवस,
शेजारच्या फुर्ताडोंकडून आलेला नाताळचा केक,
नासायला नको म्हणून ओट्यापाशी उभ्यानं
ती संपवायची.
वर तीन चमचे साखरेचा चहा.

मी रोज पहाटे
भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेत चार फेऱ्या,
प्रेशरची गोळी, दर तीन महिन्यांनी रक्त.
ती म्हणायची, मला काय धाड भरलीय.
उपाशीपोटी साखर एकशे चाळीस,
तो कागद गॅसच्या पुस्तकात सापडला, नंतर.
नंतर हेही आठवलं
की हात काड्यांसारखेच राहिले
आणि परकराची नाडी मात्र
दर दिवाळीला बोटभर तोकडी पडत गेली.
मापात पाप तिथं होतं.
मी, निरीक्षक, त्याच खोलीत घोरत होतो.

मंगळवारी सकाळी पावणेआठला
तांदळाचं मापटं तिच्या उजव्या हातात कललं.
एकदम पडलं नाही. कलत राहिलं,
काटा अडकलेल्या पारड्यासारखं.
पाणी हवं होतं तिला.
"चावी," ती म्हणाली. "चावी, चावी."
मी मूर्खासारखा किल्ल्या शोधल्या.
कपाटाची दिली, तिजोरीची दिली.
मग ओठाचा एक कोपरा खाली आलेला दिसला
आणि फुर्ताडोंच्या मुलीनं दारातूनच ओरडून
गाडी काढली.
साडेआठच्या आत जे. जे.

नांदेडकडची तरुण डॉक्टर, डोळे तारवटलेले.
म्हणाली, लवकर आणलंत, गाठ विरघळवता आली.
म्हणाली, काटा फक्त किती ते सांगतो, आजोबा,
चरबी कुठे बसलीय, साखर आणि प्रेशर आत काय करतायत,
ते नाही सांगत.
मी खुर्चीत मावत नव्हतो, तिनं पाहिलं.
"म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका हं."
नाही समजलो.
त्या रात्री कॉरिडॉरमध्ये
कितीतरी वेळ मनगट धरून
स्वतःचे ठोके मोजत बसलो.

आता दुपारी आम्ही खिडकीशी बसतो.
निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं दिलेली पेटी काढलीय,
मखमलीत रुतलेली पितळी वजनं,
पन्नास, शंभर, दोनशे ग्रॅम.
फिजिओवाला म्हणतो, उचलू द्या, ठेवू द्या, घाई नको.
पन्नासाचं चिमटीत यायला आज अकरा खेपा.
"हे काय?" मी विचारतो.
ती खूप वेळ बघते.
"लाडू," म्हणते,
आणि चुकलं हे कळून स्वतःच हसते, डाव्या गालात.

मग माझ्याकडे न बघता
ते हळूच आडवं पाडते
आणि बूड
अंगठ्यानं चाचपत राहते.